तीनास एक

ओहोटीनं पाणी पार मागे गेलं होतं आणि किनाऱ्यावरच्या लाँचेस एकेका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. नोल्फा चिगुआय गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून चिखल तुडवत आपल्या लाँचकडे निघाली होती. पाऊस होता, पण ताउकेल बेटावर ज्याला कोणी पाऊस म्हणत नाही असा — नुसता भुरभुरता, केसांवर साखर सांडल्यासारखा. लाँचजवळ पोचल्यावर ती थबकली. पिछाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

लांबलचक, चिखलानं माखलेले, अगदी निश्चल पाय.

"अहो!" ती म्हणाली.

पाय हलले नाहीत.

"अहो पाय! जिवंत आहात का?"

"एक मिनिट..." आतून आवाज आला. आणि तो माणूस खरोखरच एक मिनिटभर काही बोलला नाही. मग पाठीवर सरकत सरकत बाहेर आला. तिशी ओलांडलेला, भुवयांपर्यंत चिखल, आणि उजव्या हाताची वीत अजून ताणलेलीच, जणू ती मिटली तर मोजलेलं माप सांडून जाईल.

"सोफानोरकाका नाही आले?" त्यानं विचारलं. "त्यांनीच बोलावलंय मला. त्यांच्या लाँचचा पाण्यातला पंखा बघायला."

"सोफानोरकाकांची लाँच ती पलीकडची. निळी."

त्यानं पलीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "ही पण निळीच आहे."

"ही आकाशी आहे. आणि बायकांच्या लाँचखाली न विचारता शिरायची पद्धत आहे का हो तुमच्या गावात?"

चिखलाखालूनही तो लाल झालेला तिला दिसला. तो बराच वेळ काहीतरी शोधत राहिला — शब्दच असावेत.

"लाँच बाईची आहे हे... खालून कळत नाही," तो शेवटी म्हणाला. "खालून एवढंच कळतं, की बांधणाऱ्याला पाणी ठाऊक होतं."

नोल्फाच्या ओठांवर पुढचा टोमणा तयार होता. तो तिथेच विरला. 'रोसा एस्तेर' तिच्या बाबांनी, कुस्तोदियो चिगुआयनी, दोन हिवाळे खपून स्वतःच्या हातांनी बांधली होती. बाबांना जाऊन दहा महिने झाले होते, आणि इतक्या दिवसांत त्यांच्याबद्दल असं साधं, खरं काही कुणी बोललं नव्हतं. सगळे नुसते 'वाईट झालं' म्हणायचे.

"नाव काय तुमचं?" तिनं विचारलं.

"एलिएसेर मान्सिया. इंजिनाची कामं करतो."

"मग, मिस्त्री, काकांचं काम आटपलं की माझ्याकडे या. माझ्याकडेही एक इंजिन पडून आहे."

*

इंजिन शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं. जुनं तीन सिलिंडरचं धूड मागच्याच महिन्यात बंद पडलं ते कायमचं. तेव्हापासून बेटावरची माणसं सोफानोरकाकांच्या छोट्या लाँचमध्ये दाटीवाटीनं बसून अचाओला जात होती — दवाखान्याला, बाजाराला, मुलांच्या वसतिगृहाला. हिवाळा तोंडावर होता. नोल्फानं सामन मासळीच्या एका कंपनीनं मोडीत काढलेल्या पहाऱ्याच्या बोटीचं इंजिन मिळवलं होतं, गिअरबॉक्ससकट.

"ताशी वीस मैलांनी पळायची ती बोट," तिनं ताडपत्री ओढून अभिमानानं सांगितलं. "खाडीत नुसती रेघ दिसायची तिची."

एलिएसेरनं इंजिनाभोवती एक फेरी मारली. कान लावून हातानं फिरवून पाहिलं. मग गिअरबॉक्सवरची पितळी पट्टी अंगठ्यानं पुसली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

"बोला की."

"इंजिन उत्तम आहे."

"आणि?"

"गिअरबॉक्स... नाही चालायचा."

"का? मोडलाय?"

"मोडलेला नाही. दुसऱ्याचा आहे." त्यानं हातावर हात घासले. "यात इंजिन दीड फेरा घेतं तेव्हा पंखा एक फेरा घेतो. हलक्या, पाण्यावर उडणाऱ्या बोटीला ठीक आहे. तुमची लाँच उडत नाही. ती पाणी बाजूला सारत चालते. तिला मोठा पंखा हवा, हळू फिरणारा. तीनास एक. इंजिनाचे तीन, पंख्याचा एक."

"म्हणजे नवा गिअरबॉक्स. तो येणार कधी?"

"महिना. दीड महिना."

"आणि तेवढं करून पंखा हळू फिरणार."

"हो."

"मिस्त्री, मी जोरात पळायला इंजिन आणलं, आणि तुम्ही ते हळू करायला बसलात!"

तेवढ्यात आईनं, उबर्लिंदानं, दारातून हाक मारली. चुलीवर माते या पानांच्या चहाचं पाणी तयार होतं. स्वयंपाकघरात लाकडाच्या चुलीभोवती तिघं बसली. आईनं भोपळ्याचा तुंबा भरला, साखर घातली, एकच नळी, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरू लागला. बटाट्याचे मिल्काओ तळून झाले होते. एलिएसेरनं पाच खाल्ले. तुंबा त्याच्याकडे आला की तो रिकामा करून परत देई, आणि नोल्फा तो भरून परत त्याच्याकडे देई.

"तुमच्याकडे 'धन्यवाद' म्हणत नाहीत का?" सातव्या खेपेला तिनं विचारलं. "म्हटलं की पुरे समजून आम्ही थांबतो."

"म्हणतात ना."

"मग?"

त्यानं नळी ओठांना लावली. "अजून पुरे झालं नाही," तो म्हणाला.

आईला एकाएकी चुलीतली लाकडं सारखी करायची आठवण झाली. नोल्फा खिडकीबाहेर बघू लागली, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

*

सोफानोरकाकांचं काम चार दिवसांचं होतं. ते आठ दिवस चाललं. काका गावभर सांगत फिरले, की हा मिस्त्री माझ्या लाँचला पाने लावतो पण डोळे त्या आकाशी लाँचला लावून बसतो.

आठव्या दिवशी एलिएसेरनं नोल्फाला लहान होडीत बसवलं. भरती सुरू झाली होती आणि खाडीच्या तोंडाशी पाणी खळाळत आत येत होतं. त्यानं तिच्या हातात दोन आखूड फळ्या दिल्या. स्वयंपाकघरातल्या पाटाएवढ्या.

"वल्हवा. समोरच्या खुंट्यापर्यंत."

"यांनी?"

"जितक्या जोरात जमेल तितक्या."

तिनं वल्हवलं. फळ्या पंख्यासारख्या फिरल्या, पाणी सगळीकडे उडालं, दोघंही नखशिखांत भिजली, आणि खुंटा होता तिथेच राहिला. ती हसायला लागली. तोही हसला — पहिल्यांदाच; आणि हसल्यावर त्याच्या डाव्या गालावर एक खळी पडते हे तिनं मुद्दाम न बघता पाहिलं.

"आता ही." त्यानं लांब, रुंद वल्ही पुढे केली. "सावकाश."

तिनं पाठ ताठ केली, पाय रोवले आणि एक ओढ घेतली. होडी सरकली. दुसरी. तिसऱ्या ओढीला खुंटा मागे पडला.

"हातांची ताकद तीच," तो म्हणाला. "पाणीही तेच. फक्त पकड मोठी. ते आधीचं दीडास एक. हे तीनास एक."

ती धापा टाकत होती. केसांतून पाणी गळत होतं. तिनं वल्ही आडवी टाकली आणि हसणं हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून उतरलं.

"पण मला जोर नकोय, मिस्त्री. मला वेग हवाय."

"कशासाठी?"

होडी प्रवाहाबरोबर मागे जाऊ लागली. कुणीच तिला अडवलं नाही.

"जुलैत, ऐन हिवाळ्यात," नोल्फा म्हणाली, "बाबांच्या छातीत दुखायला लागलं. सकाळी. उत्तरेचा वारा सुटला होता. आम्ही त्यांना लाँचमध्ये निजवलं. सुकाणू माझ्या हातात... आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. सान रोकेच्या चर्चसमोर खाडी अरुंद होते ना, तिथे ओहोटीचं पाणी अंगावर आलं." ती थांबली. "चर्चचा मनोरा माझ्या उजव्या हाताला होता. मी इंजिन शेवटपर्यंत ताणलं. चाळीस मिनिटांनी बघितलं, तर मनोरा उजव्या हातालाच. तसाच. बाबा मला म्हणत होते, घाई करू नकोस पोरी... आणि मी तर जागची हललेच नव्हते."

"मग?"

"मग पाणी फिरलं. आम्ही निघालो. अचाओचा धक्का दिसायला लागला तेव्हा आई म्हणाली, आता सावकाश चालव."

एलिएसेरनं वल्ही उचलली आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर काहीतरी गोड बोलला असता. नोल्फाला त्या क्षणी गोड काहीतरीच हवं होतं.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "हा वेगाचा गिअर असता, तरी मनोरा तिथेच राहिला असता. कदाचित... पुढे गेला असता. लाँच मागे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. होडीचं बूड वाळूला लागताच ती उडी मारून उतरली.

"सोफानोरकाकांचं काम झालंय ना तुमचं?" ती पाठमोरीच म्हणाली. "मग उद्याच्या फेरीनं जा."

*

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"तुमचाच गिअर बसवतो," तो म्हणाला. "त्या बोटीचा लहान पंखाही बसवतो. पण उतारू घ्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी फक्त तुम्ही आणि मी. आणि पाणी मी सांगेन ते."

"आणि चालली तर?"

"चालली तर मी चुकलो. तसं अचाओच्या धक्क्यावर ओरडून सांगेन."

"तुम्ही? ओरडून?" ती म्हणाली. राग अजून होता, पण त्याच्या कडेला कुठेतरी चीर गेली होती.

इंजिनाची बैठक नव्यानं करायला, पंख्याचा दांडा सरळ रेषेत आणायला तीन आठवडे लागले. तो वाकून पट्टी लावी, ती दिवा धरी. कामापुरतंच बोलायचं असं तिनं ठरवलं होतं. पण काम फार होतं, त्यामुळे बोलणंही फार झालं. दांडा केसभरही तिरका राहिला तर पुढे सगळं हादरतं, हे तो सांगे. कोणत्या महिन्यात कोणत्या खडकाशी पाणी कसं वळतं, हे ती सांगे. तो ऐकताना हातातलं काम थांबवी. असं ऐकणारं माणूस तिला आधी भेटलं नव्हतं... आणि त्याचाच तिला जास्त राग येई.

चाचणीचा दिवस त्यानं निवडला. वारा उत्तरेचा, ओहोटी भर जोरात.

बेटाच्या आडोशाला, शांत पाण्यात, 'रोसा एस्तेर' झपकन निघाली. जुन्या इंजिनापेक्षा ताशी मैलभर तरी जास्त. नोल्फानं सुकाणूवरूनच मागे वळून त्याच्याकडे बघितलं.

"ओरडायची तयारी ठेवा, मिस्त्री!"

त्यानं मान हलवली. हसला नाही.

मग त्यांनी बेटाचं टोक ओलांडलं आणि वारा समोरून आला. लाँचची नाळ, म्हणजे तिचं पुढचं तोंड, उचलली गेली, आदळली, पुन्हा उचलली गेली. इंजिन चढ्या सुरात गात होतं, फेऱ्यांचा काटा टोकाला भिडला होता. पिछाडीला पाण्याचा नुसता फेस झाला होता — पांढरा, पोकळ फेस. उजव्या हाताला राखाडी लाकडी फळ्यांचा तो मनोरा आला, आणि थांबला.

नोल्फानं लीव्हर पुढे ढकलला. तो आधीच टोकाला होता. तिनं तरीही ढकलला. मनोऱ्याखालच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, दारात कुत्रं बसलं होतं, आणि धूर, घर, कुत्रं सगळं होतं तिथेच. मग अगदी हळू, कुणी न ढकलता, मनोरा पुढे सरकू लागला.

दोन्ही हात सुकाणूवर घट्ट, आणि डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. अकरा महिने ती एकही अश्रू न ढाळता बेटावर वावरली होती. एलिएसेर तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिच्या हातांशेजारी आपले हात सुकाणूवर ठेवले आणि लाँच सरळ धरून ठेवली, तिला थरथरता यावं म्हणून.

"मला वाटायचं..." ती खूप वेळानं म्हणाली, "मला वाटायचं, मीच नीट चालवली नाही."

"नीट चालवलीस," तो म्हणाला. "याच्यापेक्षा नीट कुणाला जमलं नसतं. पंख्याला पकडच नव्हती, नोल्फा."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

"वळव," ती म्हणाली. "घरी जाऊ. आणि तुझा तो गिअरबॉक्स मागव."

*

पण मोठ्या पंख्याला जागा लागते. जुना पंखा बावीस इंचांचा, नवा अठ्ठावीस. पंख्याचं टोक आणि लाकूड यांच्यात चार बोटं तरी मोकळी हवीत, नाहीतर पाणी गुदमरतं आणि लाँच थडथडत राहते. म्हणजे पिछाडीचा खांब कापायचा. बाबांनी सायप्रसच्या झाडाचा एक अखंड सोट निवडून, वाकसानं तासून बसवलेला खांब.

"ते नाही," नोल्फा म्हणाली. "दुसरं काहीही सांग."

एलिएसेरनं आग्रह धरला नाही. "तुझी लाँच आहे. अडीचास एक घेऊ, पंखा थोडा लहान. जरा कमी पडेल, पण त्या दुसऱ्यापेक्षा बरं."

"किती कमी?"

त्यानं पेन्सिलनं फळीवर आकडे मांडले. खोटं बोलणं त्याला सोपं होतं. ती तपासणार नव्हती. "वादळी दिवशी," तो म्हणाला, "त्या मनोऱ्यासमोर अर्धा तास. तीनास एक घेतलं तर दहा-बारा मिनिटं."

त्या दुपारी आई लोकर विंचरत बसली होती. नोल्फानं तिला सगळं सांगितलं. उबर्लिंदानं हात थांबवला नाही.

"तो खांब तुझ्या बाबानं दोनदा कापलाय," ती म्हणाली. "एकदा पहिलं इंजिन आलं तेव्हा, आणि एकदा तू सात वर्षांची होतीस तेव्हा. तुला आठवत नाही, तुला गोवर आला होता. कापलेला तुकडा घरात आणून चुलीत घातला त्यानं. चांगला जळला म्हणाला."

"चुलीत?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवायचा? लाँच माणसं न्यायला बांधली होती त्यानं." आईनं लोकरीचा पुंजका उलटा केला. "आणि त्या मिस्त्रीला जेवायला बोलव. वाळत चाललाय. काकांकडे नुसत्या कोंबडीच्या पायाचं कालवण मिळतं त्याला."

पुढच्या मोठ्या ओहोटीला दोघं चिखलात उतरली. पाणी परत यायला सहा तास. एलिएसेरनं खडूनं रेघ आखली, करवत तिच्याकडे दिली आणि बाजूला झाला. नोल्फानं तळहात खांबावर ठेवला. लाकूड थंड होतं, ओलं होतं. मग तिनं करवत लावली. पहिला भुसा पिवळाधमक पडला आणि इतक्या वर्षांच्या लाकडातून ताजा, गोडसर वास सुटला.

अर्ध्यावर तिचे हात भरून आले. त्यानं करवतीचं दुसरं टोक धरलं. ती ओढी, तो सोडी. तो ओढी, ती सोडी. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा तुकडा सुटून तिच्या हातात पडला.

"काय करायचं याचं?" त्यानं विचारलं.

"चुलीत घालायचा," ती म्हणाली. "जेवायला येणार आहेस ना? त्यावरच शिजवते."

*

ऑगस्टच्या मध्यावर 'रोसा एस्तेर' पहिल्यांदा उतारू घेऊन निघाली. तीसेक माणसं, बटाट्याची पोती, दोन मेंढ्या, आणि केबिनमध्ये चष्मा पुसत बसलेले सोफानोरकाका. वारा उत्तरेचाच होता. बाकाच्या टोकाला एलिएसेरची पिशवी होती. दक्षिणेला, पुंता अरेनासला, मोठ्या जहाजांच्या गोदीत त्याला काम मिळालं होतं. पत्र येऊन आठवडा झाला होता. त्यानं ते नोल्फाला दाखवलं होतं. तिनं वाचून घडी घालून परत दिलं होतं. "चांगलं आहे," एवढंच म्हणाली होती. तोही "हो" एवढंच म्हणाला होता.

टोक ओलांडलं. नाळ उचलली, पण पिछाडी पाण्यात घट्ट बसली होती. पंखा सावकाश, जड, खोलवर फिरत होता. पायांखालच्या फळीतून त्याची लय लागत होती. वेग काही डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. पण मनोरा आला, शेजारी आला, आणि मागे गेला. अकरा मिनिटं. लाँचमधल्या बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. त्या दिवशी बाबांबरोबर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

खाडी रुंद झाली तेव्हा नोल्फानं विचारलं, समोर बघतच —

"हा गिअर तेव्हा असता... तर बाबा वाचले असते?"

इंजिनाची लय चालू होती. तो उत्तर शोधत राहिला, आणि तिला आता त्या थांबण्याची सवय झाली होती.

"अर्धा-पाऊण तास आधी पोचली असतीस," तो म्हणाला. "त्यापुढचं मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

तिनं मान हलवली. 'हो' म्हणाला असता तर ती जन्मभर जळत राहिली असती. 'नाही' म्हणाला असता तर तिला खरं वाटलं नसतं. तिनं सुकाणूवरचा एक हात सोडला आणि त्याच्या बाहीवर ठेवला. तो धक्का येईपर्यंत तिथेच होता.

अचाओच्या धक्क्याच्या उतारावर माणसं उतरली, पोती उतरली, मेंढ्या ओढत उतरवल्या. बस वर चौकात उभी होती. एलिएसेरनं पिशवी खांद्याला लावली. आता जरा जोरात पाऊस आला होता.

"पन्नास तास चालली, की गिअरचं तेल बदलायचं," तो म्हणाला. "आणि दांड्याच्या जोडाचे बोल्ट पुन्हा आवळायचे. विसरू नकोस."

"पन्नास तास म्हणजे किती दिवस?"

"तुझ्या फेऱ्या बघता... बारा."

"आणि आवळणार कोण?"

"सोफानोरकाका—"

"काकांना चष्मा लावूनही लाँच दिसत नाही, बोल्ट कुठला दिसतोय?"

"ऐकू येतंय मला!" केबिनमधून काका ओरडले.

एलिएसेरनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मग मीच येतो. बाराव्या दिवशी."

"पुंता अरेनासहून?"

त्यानं मान डोलावली.

"बरं. आणि त्यानंतर?" तिनं विचारलं.

"त्यानंतर... अडीचशे तासांनी."

"त्यानंतर?"

"मग वर्षातून एकदा. दांडा सरळ आहे का ते बघायला."

"किती वर्षं?"

"इंजिन आहे तोवर."

"ते किती टिकेल?"

"नीट बघितलं तर... वीस. पंचवीस."

"पंचवीस वर्षं," नोल्फा म्हणाली. तिला हसू आलं. "पंचवीस वर्षं तू तिथून ये-जा करणार, मिस्त्री?"

वर बसनं हॉर्न दिला. तो वळला नाही. त्यानं पिशवी खाली ठेवली — ओल्या दगडावर, पाण्याच्या अगदी कडेला.

"नोल्फा... मला बोलायला वेळ लागतो."

"माहीत आहे."

"बस जाईल."

"जाऊ दे."

आजवर ती नेहमी दुसऱ्यांची वाक्यं पुरी करत आली होती. आईची, काकांची, बाजारातल्या बायकांची. या वेळी तिनं तोंड मिटून घेतलं. पाऊस तिच्या पापण्यांवरून ओघळत होता आणि ती थांबली होती, आयुष्यात पहिल्यांदा कसलीच घाई नसल्यासारखी.

"मला जायचं नाहीये," एलिएसेर म्हणाला. "पत्र आलं त्या दिवशीच ठरलं होतं. तुला सांगायला शब्द जुळवत होतो. बोल्ट मी आवळेन, ते सोड... मला तुझ्या घरी राहायचंय. तुझ्याजवळ. तू हो म्हणालीस तर."

नोल्फा पुढे झाली. वाकून त्याची पिशवी उचलली, झटकली, आणि लाँचमध्ये टाकली.

"अहो, प्रेमीजीव!" काकांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "लाँच चालली ना वाहून! दोर धरतंय का कुणी?"

दोघांनीही एकदमच दोराला हात घातला.